फवारणीनंतर तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या : ‘नॉर्मल’ रिपोर्टचा अर्थ आणि पुढची काळजी

तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे थोरले बंधू ४६ वर्षांचे असून चार एकर बागेची फवारणी ब्लोअरवर (ट्रॅक्टरला जोडलेल्या फवारणी यंत्रावर) बसून स्वतःच करतात. गोडी छाटणीनंतरच्या (ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी होणाऱ्या छाटणीनंतरच्या) एका फवारणीच्या दिवशी सायंकाळी त्यांना दरदरून घाम, मळमळ, तोंडाला पाणी सुटणे आणि अंधुक दिसणे असा त्रास झाला. दोन दिवस रुग्णालयात ठेवून सलाईन लावले आणि बरे वाटल्यावर घरी सोडले. पुढे अठरा-वीस दिवसांनी पोटऱ्या दुखू लागल्या, तळपायांना मुंग्या आल्या आणि आता चालताना चप्पल पायातून निसटते. दीड महिन्याने केलेली रक्तातील कोलिनएस्टरेजची तपासणी नॉर्मल आली, म्हणून हे औषधामुळे नाही असे त्यांना सांगण्यात आले. ते खरे मानावे का, पाय पूर्ववत होतील का, आणि बंधूंनी पुढे फवारणी करावी का, असे त्यांनी विचारले आहे. शिवाय विट्याकडचे त्यांचे दाजी वीस वर्षे परराज्यात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, कामावर होते. त्यांचे हात कापतात, त्याविषयीही विचारणा आहे.

मिरजेत मज्जासंस्थेच्या रुग्णांवर उपचार करताना छाटणीच्या हंगामात असे रुग्ण मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा होतो तो नेमका या ‘नॉर्मल’ शब्दामुळे. रुग्णाला समोर तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. परंतु आपण सांगितलेला क्रम, म्हणजे आधी विषबाधा, मग पूर्ण बरे वाटणे आणि तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दुखून पाय कमकुवत होणे, हा वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. दीड महिन्याने आलेला रिपोर्ट त्या शक्यतेला बाद करत नाही.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट ही कीटकनाशके ऑरगॅनोफॉस्फेट गटातील आहेत. आपल्या शरीरात नसेकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप पोचतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्यामार्फत, आणि निरोप पोचल्यावर ते द्रव्य तत्काळ मोडून टाकण्याचे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) करते. ही औषधे त्या विकरालाच अडकवून ठेवतात, त्यामुळे निरोप थांबतच नाही : घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहते, पोटात कळा येतात, छातीत स्राव साठून धाप लागते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि विषाची मात्रा मोठी असेल तर झटके येऊन श्वास बंद पडतो. क्लोरपायरीफॉससारख्या काही औषधांचे यकृतात आधी अधिक विषारी रूपांतर व्हावे लागते, म्हणून सकाळच्या फवारणीचा त्रास दुपारी किंवा सायंकाळी जाणवू शकतो. शेतकरी ज्याला ‘औषध चढले’ म्हणतात, ते हेच.

आता रिपोर्टकडे येऊ. रक्तात कोलिनएस्टरेज म्हणून मोजतात ते याच कुळातील विकर. रक्तद्रवातील कोलिनएस्टरेज काही आठवड्यांत भरून येते, तर लाल पेशींमधील विकर दिवसाला साधारण एक टक्का या गतीने वाढते. दीड महिन्यानंतर तपासणी केली तर त्या सायंकाळी पातळी किती खाली गेली होती, हे त्यावरून सांगता येत नाही. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. निरोगी माणसांमध्येही या विकराची पातळी फार वेगवेगळी असते, आणि प्रयोगशाळेने छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा त्यामुळेच खूप रुंद असते. ज्याची स्वतःची पातळी मुळात वरच्या टोकाला आहे, त्याची एक तृतीयांश घट झाली तरी रिपोर्ट नॉर्मलच येईल. उलट यकृताचा आजार, गरोदरपण किंवा कुपोषण असेल, तर फवारणीशी संबंध नसतानाही रक्तद्रवातील आकडा कमी दिसतो. म्हणून तुलना करायची ती त्याच माणसाच्या फवारणीपूर्वीच्या आकड्याशी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फवारणी कामगारांसाठी हाच नियम आहे. लाल पेशींमधील विकर स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील ६० टक्क्यांवर आले, तर कामगाराला फवारणीवरून बाजूला करतात आणि पातळी ८० टक्के होईपर्यंत परत घेत नाहीत.

आपल्याकडे ही मूळ पातळी काढण्यासाठी द्राक्षाचे वेळापत्रकच सोयीचे आहे. माल तोडून झाल्यावर आणि एप्रिलची खरड छाटणी सुरू होण्याआधी बागेला विश्रांती असते. शेवटच्या कीटकनाशकाच्या फवारणीला महिना उलटून गेला आहे अशा त्या दिवसांत घरातील प्रत्येक फवारणी करणाऱ्याने दोन्ही प्रकारची तपासणी करून कागद जपून ठेवावा, आणि पुढची तपासणी त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण पद्धत बदलली की आकडेही बदलतात.

आपल्या बंधूंच्या पायांकडे वळतो. ऑरगॅनोफॉस्फेटमुळे मज्जासंस्थेला होणारी इजा एकाच प्रकारची नसते. पहिली तीव्र विषबाधा काही तासांतली. दुसरी त्यानंतर एक ते चार दिवसांत येते : रुग्ण सावरला असे वाटत असतानाच मान उचलता येत नाही, खांदे-मांड्या गळून जातात आणि श्वासाचे स्नायू थकतात, म्हणून लक्षणे कमी होताच रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये. तिसरी इजा एक ते तीन आठवड्यांनी सुरू होते आणि तिचा कोलिनएस्टरेजशी संबंधच नसतो. नसांमधील एका निराळ्या विकरावर ही रसायने कायमची चिकटतात आणि शरीरातील सर्वांत लांब चेतातंतू, म्हणजे पाठीच्या मणक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे, टोकाकडून झिजू लागतात. म्हणून सुरुवात तळपायापासून होते आणि हात नंतर बाधित होतात. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्काच्या एका मादक पेयात ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट हे रसायन मिसळले गेले होते, तेव्हा ते प्यालेल्या हजारो माणसांचे पाय असेच लुळे पडले. ते रसायन कीटकनाशक नव्हते, पण याच कुळातील होते.

हा उशिराचा प्रकार सर्वच औषधांनी होत नाही आणि बहुधा मोठ्या विषबाधेनंतरच दिसतो, म्हणून तो गृहीत धरून इतर कारणांकडे दुर्लक्ष करणे चुकीचे ठरेल. मधुमेह, बी-१२ ची कमतरता, मद्यपान, थायरॉइडचे विकार आणि कुष्ठरोग या सर्वांत पाय बधिर होतात. माळकरी घरांत, विशेषतः दूधदुभते कमी असेल तर, बी-१२ कमी सापडणे अगदी सामान्य आहे, आणि ते भरून काढल्याने नुकसान काहीच नाही. मात्र बी-१२ कमी सापडले म्हणून औषधाचा प्रश्न संपला असे समजू नये. एका माणसात दोन्ही असू शकतात आणि आधीच दुबळी झालेली नस विषाला लवकर बळी पडते. अशक्तपणा दिवसागणिक वर सरकत असेल, हात गळत असतील किंवा गिळताना-बोलताना त्रास होत असेल, तर मात्र त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात दाखल व्हावे, कारण तो गिया-बारे नावाचा वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर वेळेत उपचार आहेत.

चप्पल निसटणे हे आपण नोंदवले, ते फार चांगले केले. काही वर्षांपूर्वी कवठेमहांकाळकडचे एक बागायतदार तपासणीच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती आणि त्याचा त्यांना पत्ताही नव्हता; ती बाहेर बाकापाशी राहिली होती. त्यांच्या पत्नीने सांगितले की महिनाभर ते सकाळी तोंडावर पाणी मारताना एका हाताने मोरीची भिंत धरतात. डोळे मिटले की पाय कुठे टेकले आहेत हे मेंदूला कळत नव्हते, हे त्या भिंतीवर टेकलेल्या हातावरून समजले. घरच्यांनी अशा गोष्टींकडे लक्ष द्यावे : शर्टाची वरची गुंडी लावायला वेळ लागणे, अंधारात पाय अडखळणे, टाचांवर चालता न येणे, उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेऊन उठणे.

बंधूंसाठी पुढची पायरी म्हणजे नसांच्या वहनाची तपासणी, जिला एनसीव्ही म्हणतात. ती मिरज-सांगलीत होते. सोबत रक्तातील साखर, बी-१२, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या कराव्यात. दाखल केल्याचे कागद आणि त्या दिवशी टाकीत काय काय मिसळले होते त्या बाटल्यांची लेबले सोबत आणावीत. डॉक्टरांना ‘द्राक्षाचे औषध’ एवढेच सांगितले, तर त्यांना काहीच कळत नाही.

पाय सुधारतील का, याचे उत्तर पुष्कळ अंशी आशादायक आहे, पण वेळ लागेल. झिजलेला चेतातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि गुडघ्यापासून तळपायापर्यंतचे अंतर मोजले तर वर्षाचा हिशेब का लागतो हे ध्यानात येईल. ही वाढ वेगाने करणारे कोणतेही इंजेक्शन नाही. नियमित फिजिओथेरपी, पाऊल उचलून धरणारा पट्टा, रोज रात्री तळपाय उजेडात पाहून जखम नाही ना याची खात्री आणि पुन्हा विषाशी संपर्क न येणे, एवढेच खरे उपचार आहेत. काहींच्या मज्जारज्जूलाही इजा झालेली असते. ती पायांची ताकद परत येऊ लागल्यावर ताठरपणाच्या रूपाने दिसते आणि पूर्णपणे जात नाही. एक कळकळीची विनंती अशी की ‘नसांच्या कमजोरी’वरची लेबल नसलेली भस्मे आणि पुड्या या काळात घेऊ नयेत, अशा पुड्यांत शिसे किंवा पारा असू शकतो आणि दोन्ही नसांनाच मारतात.

ज्यांना कधी दाखल व्हावे लागले नाही, पण दर फवारणीच्या संध्याकाळी डोके धरते, झोप तुटते, चिडचिड होते, त्यांच्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. सकाळी बरे वाटते म्हणून तो प्रकार कुणी मनावर घेत नाही. परंतु विकर पुरते भरून येण्यापूर्वी पुढची फवारणी झाली, तर पातळी पायरी-पायरीने खाली जाते आणि एरवी सोसली असती एवढी मात्रा एखाद्या दिवशी माणसाला आडवे करते. डाऊनी (बुरशीचा रोग) आणि थ्रिप्सच्या (फुलकिड्यांच्या) दिवसांत, ढगाळ हवेत, बागेत एका आड एक दिवस टाकी भरली जाते, तेव्हा हेच घडते. वर्षानुवर्षे संपर्क असलेल्यांत स्मरण, एकाग्रता आणि मनःस्थितीवर परिणाम आढळल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत नमूद आहे, आणि पॅराक्वाट या तणनाशकाचा कंपवाताशी संबंध दिसल्याने ते चिंतेचा विषय झाले आहे. युरोपीय संघात ते २००७ पासून वापरात नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला, तेव्हा राज्याचे लक्ष काही काळ या प्रश्नाकडे वळले होते.

सर्वच औषधे एकाच रीतीने इजा करत नाहीत. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन यांसारख्या पायरेथ्रॉइडमुळे चेहऱ्याची जी आग व चुणचुण होते ती उन्हात आणि घामात वाढते, पण बहुधा दिवसभरात ओसरते. मँकोझेब या बुरशीनाशकात मँगनीज असते, आणि मँगनीज दीर्घकाळ श्वासावाटे गेले तर मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर परिणाम होतो. ते तोंडावाटे फारसे विषारी नाही म्हणून उघड्या हातांनी कालवले जाते, हे योग्य नाही. बाटलीवरील रंगीत त्रिकोण प्रामुख्याने एकदम पोटात गेल्यास मारक मात्रा किती, एवढेच सांगतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. दहा वर्षे त्वचेवर पडत राहिल्यास काय होईल, हे त्या त्रिकोणात लिहिलेले नसते.

गोडी छाटणीच्या वेळी डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग केले जाते, म्हणजे काड्यांना ते लावले जाते, तिथे आणखी एक धोका आहे. हे रसायन शरीरातील मद्य पचवण्याची क्रिया अडवते. कामानंतर थोडी दारू घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो आणि माणूस कोसळू शकतो. आदल्या दिवसापासून पुढे निदान आठवडाभर मद्य पूर्ण वर्ज्य ठेवावे, आणि हे पेस्टिंगला येणाऱ्या प्रत्येक मजुराला काम सुरू होण्यापूर्वी तोंडी सांगावे.

विष शरीरात शिरते कुठून, याविषयी मोठा गैरसमज आहे. सर्वजण नाकाला टॉवेल बांधतात. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात बहुतेक विष त्वचेवाटे जाते. ईसी प्रकारच्या, म्हणजे द्रावकात विरघळवलेल्या, औषधांतील द्रावक स्वतः मेंदूला गुंगी आणणारा असतो आणि त्वचेतून विष आत शिरायलाही मदत करतो. मांडीच्या सांध्यातील आणि जननेंद्रियांजवळील त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा दहापटीने अधिक शोषते. म्हणून ओली झालेली पँट आणि लंगोट अंगावर तशीच ठेवून दिवसभर ट्रॅक्टरवर बसणे हे सर्वांत घातक आहे. टॉवेलही भिजला की विषाची पट्टी बनून तोंडावर राहतो.

सर्वांत धोक्याची वेळ फवारणीची नसून औषध कालवण्याची असते, कारण तेव्हा ते मूळ तीव्रतेचे असते. नायट्राइलचे जाड हातमोजे, चष्मा आणि प्लॅस्टिकचा एप्रन एवढे त्या दहा मिनिटांसाठी तरी घालावे. कापडी मोजे कधीही नकोत. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नये. उन्हात पूर्ण पोशाख सोसवत नाही ही तक्रार खरी आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे पहाटे वारा पडलेला असताना काम करणे, ब्लोअरच्या ट्रॅक्टरला बंदिस्त केबिन बसवणे आणि तास मर्यादित ठेवणे. काम संपताच शेडमध्येच कपडे उतरवून साबणाने केसांसह अंघोळ करावी. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, आणि जी माउली ते धुते तिनेही हातमोजे घालावेत. गरोदर स्त्रीने त्यांना हात लावू नये, कारण गर्भाचा आणि लहान मुलांचा मेंदू या विषांना सर्वांत अधिक संवेदनशील असतो. दुसऱ्या दिवशी विरळणीला (घडांतील जादा मणी काढायला) येणाऱ्या बायका मंडपाखाली दवाने ओल्या पानांतून फिरतात, पाने त्यांच्या डोक्याला आणि मानेला घासतात. लेबलवर दिलेला बागेत न जाण्याचा कालावधी त्यांच्यासाठी आहे.

शेडच्या फळीवरच्या जुन्या बाटल्याही एकदा काढून पाहाव्यात. फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण व मेथोमिल यांवर २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी आणली. बिहारमध्ये २०१३ साली शाळेतील जेवणात मोनोक्रोटोफॉस गेल्याने २३ मुलांचा मृत्यू झाला. पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीत औषध ओतून ठेवण्याची सवय कोणत्याही घरात असू नये.

औषध चढलेच तर रुग्णाला बागेबाहेर मोकळ्या हवेत आणावे, सर्व कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवावे आणि धुणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. गुंगी असेल तर कुशीवर झोपवावे. उलटी करवू नये. दूध, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नये, कारण ते फुप्फुसात जाते. १०८ वर फोन करावा आणि बाटली सोबत द्यावी. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाची मात्रा छातीतील स्राव आणि नाडी पाहून ठरते, म्हणून ते काम रुग्णालयातच होते.

दाजींचा प्रश्न निराळा आहे, पण तितकाच गंभीर. खानापूर-विट्याकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोने-चांदीच्या गलाईचे काम करतात. पारंपरिक पद्धतीत कचऱ्यातून सोने उचलण्यासाठी पारा, चांदी शुद्ध करण्यासाठी शिसे आणि नायट्रिक ॲसिड वापरले जाते. पारा तापवला की त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, आणि ती फुप्फुसातून थेट मेंदूत पोचते. बोटांची बारीक थरथर, बिघडलेले अक्षर, झोप न लागणे आणि विनाकारण बुजरेपणा किंवा संताप ही तिची लक्षणे आहेत. शिशामुळे मनगट लुळे पडते, पोटात कळा येतात, रक्त कमी होते, आणि ते हाडांत अनेक वर्षे साठून राहते. दाजींनी चोवीस तासांच्या लघवीतील पारा आणि रक्तातील शिसे तपासून घ्यावे, आणि अनेक वर्षांचा व्यवसाय काय होता हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगावे. कंपवात आणि थायरॉइड ही कारणेही पाहावी लागतील. काम सोडून बराच काळ झाला असेल तर आकडे कमी येतील. तरी हाताची थरथर कशी आहे हे तपासून सांगता येते. विष बाहेर काढणाऱ्या गोळ्या तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत.

शेवटचा प्रश्न, बंधूंनी फवारणी करावी का. माझे स्पष्ट मत आहे की नाही. पायाची ताकद पूर्ण परत येऊन त्यानंतर वर्ष उलटेपर्यंत त्यांनी टाकीजवळही जाऊ नये, आणि ऑरगॅनोफॉस्फेट तर पुढेही हाताळू नयेत. बागेत काय फवारायचे आणि कधी, हे त्यांनी बांधावरून, वाऱ्याच्या वरच्या बाजूने ठरवावे. त्यांच्या जागी हजेरीवर जो मुलगा ब्लोअरवर बसेल, त्याची कोलिनएस्टरेजची पहिली तपासणी त्याने टाकीला हात लावण्यापूर्वी आपण, म्हणजे बागमालकाने, स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी, त्याला हातमोजे आणि अंघोळीला पाणी द्यावे, आणि त्याने संध्याकाळी डोके धरल्याचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याला टाकीवर पाठवू नये.